हवाई लेसर क्रमवीक्षणाद्वारे वनांचे मापन : फिनलंडचा अनुभव आणि पद्धतीच्या मर्यादा

गोषवारा

विमानातून सोडलेल्या लेसर किरणांच्या साहाय्याने वनाची उंची व छत्ररचना मोजण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत प्रयोगशाळेतून प्रत्यक्ष वनव्यवस्थापनात आली आहे. नॉर्वे व फिनलंड या देशांत खाजगी वनांची नियमित मोजणी आता प्रामुख्याने याच पद्धतीने होते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिच्यातील टप्पे व तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. लेसर किरण वनाची उंची प्रत्यक्ष मोजतात. लाकडाचे घनफळ, जैववस्तुमान व वृक्षजाती यांचे मात्र अनुमान करावे लागते, आणि त्या अनुमानाची विश्वासार्हता जमिनीवर काळजीपूर्वक मोजलेल्या नमुना भूखंडांवर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. महाराष्ट्रातील वनांच्या संदर्भात या प्रतिपादनाचा अर्थ काय होतो, याचाही शेवटी विचार केला आहे.

१. प्रस्तावना

एखाद्या प्रदेशात वन किती आहे, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. परंतु त्याच्या पोटात किमान तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. वनाखालील क्षेत्र किती, त्या क्षेत्रावर उभे असलेले लाकूड किंवा जैववस्तुमान किती, आणि ते कोणकोणत्या जातींच्या वृक्षांचे आहे, हे ते तीन प्रश्न होत. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपग्रहांच्या प्रतिमांनी बऱ्याच अंशी दिले आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. या अहवालाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्राच्या ज्या जमिनीवर वृक्षछत्राची घनता १० टक्के किंवा त्याहून अधिक आहे, ती जमीन वनाच्छादित समजली जाते. तिची मालकी कोणाची व तिचा वापर कशासाठी होतो, याचा या व्याख्येत विचार केलेला नाही. छत्राची घनता ७० टक्के वा अधिक असल्यास ते वन अति घनदाट, ४० ते ७० टक्के असल्यास मध्यम घनदाट आणि १० ते ४० टक्के असल्यास खुले अशी वर्गवारी केली जाते.

ही वर्गवारी उपयुक्त आहे, परंतु ती वनाकडे वरून पाहते. वरून पाहिले असता सहा मीटर उंचीची दाट रोपवने आणि पंचवीस मीटर उंचीचे जुने सदाहरित वन ही दोन्ही एकाच वर्गात येऊ शकतात. त्यांतील लाकूड, साठलेला कार्बन, सावलीतील वनस्पती व आश्रयाला असलेले प्राणी यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. वनाला लांबी-रुंदीबरोबर उंचीही आहे, आणि ही तिसरी मिती छायाचित्रासारख्या सपाट प्रतिमेतून सहजासहजी हाती येत नाही. हवाई लेसर क्रमवीक्षण, म्हणजेच व्यवहारात ‘लायडार’ या नावाने ओळखले जाणारे तंत्र, नेमकी ही उणीव भरून काढते. या तंत्राने काय साधले व काय साधलेले नाही, हे समजून घेण्यासाठी ज्या देशात ते वनव्यवस्थापनाचा नित्याचा भाग झाले आहे अशा फिनलंडचे उदाहरण उपयुक्त ठरते.

२. पूर्वपीठिका

फिनलंडच्या भूक्षेत्रापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग वनांनी व्यापलेला असून त्यातील निम्म्याहून अधिक वने खाजगी कुटुंबांच्या मालकीची आहेत. लाकूड व कागद हे तेथील अर्थव्यवस्थेचे जुने आधार असल्यामुळे वनाची मोजणी हा तेथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नव्हता. यर्यो इल्व्हेसालो यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात त्या देशाची पहिली राष्ट्रीय वनगणना झाली. देशभर समांतर रेषा आखून त्या रेषांवरून सर्वेक्षकांनी पायी चालत जावे आणि ठरावीक अंतरावरील भूखंडांची मोजणी करावी, अशी ती पद्धत होती. संपूर्ण देशाची सरासरी काढण्यासाठी ही नमुना पद्धत उत्तम होती. परंतु एखाद्या मालकाच्या वीस-तीस हेक्टरांच्या वनात किती लाकूड आहे, हे तिच्यावरून सांगता येत नसे.

त्यासाठी वनाचे एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांत विभाजन करून प्रत्येक तुकड्याला वनतज्ज्ञाने भेट द्यावी, काही झाडांची उंची व व्यास मोजावा आणि उर्वरित अंदाज अनुभवाने बांधावा, अशी पद्धत दीर्घकाळ रूढ होती. ऑस्ट्रियाचे वनशास्त्रज्ञ वॉल्टर बिटरलिख यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेल्या कोनमापन तत्त्वामुळे हे काम पुष्कळ सुलभ झाले. तरीही अंदाजातील वैयक्तिक फरक, लागणारे मनुष्यबळ व वाढता खर्च या अडचणी कायम राहिल्या.

लेसरचा शोध १९६० मध्ये लागला. वनांच्या बाबतीत त्याचा उपयोग करून पाहण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात आणि १९८० च्या दशकात अमेरिका व कॅनडा येथे झाले. त्या काळची उपकरणे विमानाच्या अगदी खालच्या एकाच रेषेवर मोजणी करीत. त्यामुळे वनाचा नकाशा न मिळता केवळ एक उभा छेद मिळे. १९९० च्या दशकात दोन गोष्टी जुळून आल्या. किरण उजवीकडे-डावीकडे फिरवून रुंद पट्ट्याची मोजणी करणारी उपकरणे उपलब्ध झाली, आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे उडत्या विमानाचे स्थान प्रत्येक क्षणी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरविणे शक्य झाले. नॉर्वेमधील एरिक नेसेट यांनी १९९७ मध्ये या तंत्राने वृक्षांची सरासरी उंची व लाकडाचे घनफळ ठरविण्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि २००२ मध्ये प्रत्यक्ष वनमोजणीसाठी वापरता येईल अशी द्विस्तरीय कार्यपद्धती मांडली. फिनलंडमध्ये युहा ह्यूप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास एकेक झाड वेगळे ओळखण्याच्या दिशेने काम केले. पुढे व्यवहारात नेसेट यांची क्षेत्राधारित पद्धतच प्रामुख्याने रुजली.

३. लेसर मापनाचे तत्त्व

या मापनाचे मूळ तत्त्व अत्यंत साधे आहे. विमानातील उपकरण प्रकाशाचा अत्यल्प कालावधीचा एक स्पंद जमिनीकडे सोडते. तो स्पंद एखाद्या पृष्ठभागावर आपटून परत येण्यास लागलेला काळ मोजला की, प्रकाशाचा वेग ज्ञात असल्यामुळे त्या पृष्ठभागाचे अंतर काढता येते. विमान जमिनीपासून १,५०० मीटर उंचीवर असल्यास जमिनीवरून परतणाऱ्या स्पंदाला जाऊन येण्यास सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. वाटेत २० मीटर उंचीचे झाड असेल, तर त्याच्या शेंड्यावरून परतणारा प्रकाश त्यापेक्षा सुमारे ०.१३ मायक्रोसेकंद आधी पोहोचतो. एवढ्या सूक्ष्म कालांतरावर झाडाची उंची अवलंबून असते. एका नॅनोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची, चूक झाली तर अंतरात सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक पडतो.

अंतर समजले तरी तो बिंदू पृथ्वीवर नेमका कोठे आहे, हे ठरविण्यासाठी आणखी दोन गोष्टी ज्ञात असाव्या लागतात. पहिली म्हणजे स्पंद सुटला त्या क्षणीचे विमानाचे स्थान, आणि दुसरी म्हणजे विमानाचा कल व दिशा. पहिली गोष्ट उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने व दुसरी जडत्वीय मापन यंत्राने कळते. यांतील दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व एका उदाहरणावरून लक्षात येईल. विमानाचा कल ठरविताना अंशाच्या केवळ शंभराव्या भागाइतकी चूक झाली, तरी १,५०० मीटर खाली जमिनीवरील बिंदू सुमारे २६ सेंटिमीटर सरकतो.

वनांसाठी सामान्यतः निकट अवरक्त प्रकाश वापरला जातो, कारण हिरवी पाने तो मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. स्पंद जमिनीपर्यंत पोहोचतो तेव्हा तो सुईच्या टोकाइतका बारीक राहिलेला नसतो; त्याचा ठसा अनेकदा अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचा असतो. ही वरकरणी उणीव वाटणारी बाब वनमोजणीत उपकारक ठरते. ठशाचा काही भाग शेंड्यावरील पानांवर आपटून परततो, काही भाग खालच्या फांद्यांवरून आणि उरलेला भाग फटींतून थेट जमिनीवर पोहोचून परततो. म्हणजे एकाच स्पंदापासून अनेक परतावे मिळतात. प्रकाश पानांच्या आरपार जात नाही, तो पानांमधील फटींतून जातो, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘लेसर झाडीच्या पार पाहतो’ असे जे म्हटले जाते, ते या मर्यादित अर्थानेच खरे आहे. जेथे फट नाही, तेथे जमीनही दिसत नाही.

४. बिंदुमेघापासून छत्राच्या उंचीपर्यंत

उड्डाण पूर्ण झाल्यावर हाती येतो तो कोट्यवधी बिंदूंचा समूह. त्यास बिंदुमेघ असे म्हणतात. प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची ज्ञात असते. परंतु तो बिंदू पानावरचा आहे, दगडावरचा आहे की घराच्या छपरावरचा, हे ज्ञात नसते. म्हणून पहिले काम जमिनीवरचे बिंदू वेगळे काढण्याचे असते. त्यासाठी परिसरातील सर्वांत खालच्या बिंदूंपासून एक ओबडधोबड पृष्ठभाग तयार करतात आणि त्या पृष्ठभागाशी फारसा कोन न करणारे जवळचे बिंदू क्रमाक्रमाने त्यात सामावून घेतात. अशा रीतीने झाडे काढून टाकल्यावर उरणाऱ्या भूपृष्ठाचे प्रतिमान तयार होते.

त्यानंतर प्रत्येक बिंदूच्या उंचीतून त्याच्या खालील भूपृष्ठाची उंची वजा केली की त्या बिंदूची जमिनीपासूनची उंची मिळते. या उंचींपासून वनछत्राचा नकाशा बनतो. येथवरची प्रक्रिया मापन या संज्ञेस पात्र आहे. तिच्यात चुका असतात, परंतु त्यांचे स्वरूप ज्ञात असते. उदाहरणार्थ, शंकूच्या आकाराच्या झाडाच्या नेमक्या टोकावर स्पंद आपटण्याची शक्यता कमी असल्यामुळे लेसरने मोजलेली उंची खऱ्या उंचीपेक्षा किंचित कमी भरते. तसेच जमिनीलगत दाट झुडपे असल्यास झुडपांचा माथाच जमीन समजला जाण्याचा धोका असतो आणि मग त्यावरील झाडे प्रत्यक्षापेक्षा बुटकी ठरतात.

५. उंचीपासून घनफळापर्यंत

वनमालकाला मात्र उंचीपेक्षा घनफळ हवे असते, आणि हवामानबदलाच्या अभ्यासकाला कार्बन हवा असतो. या दोन्ही राशी लेसर मोजत नाही. खोडाचा व्यास वरून दिसत नाही. म्हणूनच या टप्प्यावर मापनाची जागा संख्याशास्त्रीय अनुमान घेते.

क्षेत्राधारित पद्धतीत प्रथम सर्वेक्षणाच्या प्रदेशात काहीशे नमुना भूखंड निवडले जातात. फिनलंडमध्ये प्रचलित असलेला भूखंड ९ मीटर त्रिज्येचा वर्तुळाकार असतो. त्यातील झाडांची जात, छातीच्या उंचीवरील व्यास व निवडक झाडांची उंची प्रत्यक्ष मोजून, प्रस्थापित समीकरणांच्या आधारे त्या भूखंडातील घनफळ ठरविले जाते. त्याच भूखंडावर पडलेल्या लेसर बिंदूंवरून काही निर्देशक काढले जातात. ज्या उंचीच्या खाली ९० टक्के बिंदू येतात ती उंची, बिंदूंच्या उंचीची सरासरी, आणि एकूण परताव्यांपैकी झाडोऱ्यावरून आलेल्या परताव्यांचे प्रमाण, ही अशा निर्देशकांची उदाहरणे होत. उंचीचे निर्देशक झाडे किती वाढली आहेत हे सांगतात, तर परताव्यांचे प्रमाण छत्र किती भरलेले आहे हे सांगते. या निर्देशकांचा भूखंडातील घनफळाशी असलेला संबंध समाश्रयणासारख्या संख्याशास्त्रीय पद्धतीने निश्चित केला जातो.

दुसऱ्या टप्प्यात संपूर्ण प्रदेश १६ मीटर बाजूच्या चौरस घरांत विभागून प्रत्येक घरासाठी तेच निर्देशक काढतात आणि ठरविलेल्या संबंधाच्या आधारे त्या घरातील घनफळाचा अंदाज करतात. १६ मीटर हा आकडा यादृच्छिक नाही. ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस मीटर आणि १६ मीटर बाजूच्या चौरसाचे २५६ चौरस मीटर भरते. ज्या आकाराच्या भूखंडावर संबंध शोधला, त्याच आकाराच्या घरावर तो लावावा, हे त्यामागील सूत्र आहे. प्रति चौरस मीटर सरासरी अर्धा बिंदू एवढी विरळ मोजणी असली, तरी अशा एका घरात सुमारे १२८ बिंदू मिळतात. एकेक झाड ओळखण्यास ही संख्या अपुरी असली, तरी घराचे एकूण स्वरूप कळण्यास ती पुरेशी ठरते. क्षेत्राधारित पद्धत लवकर रुजण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

नॉर्डिक देशांतील अनुभवानुसार वनाच्या एखाद्या तुकड्यातील एकूण घनफळाच्या अंदाजातील चूक सर्वसाधारणपणे १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान राहते. पायी फिरून केलेल्या जुन्या अंदाजांच्या तुलनेत ही अचूकता समाधानकारक आहे. मात्र येथे दोन प्रकारच्या चुकांत भेद करावयास हवा. एकेका घरातील यादृच्छिक चुका अनेक घरांची बेरीज करताना परस्परांना बहुतांशी छेदतात. नमुना भूखंडच प्रातिनिधिक नसतील, तर निर्माण होणारी एकाच दिशेची चूक कितीही घरांची बेरीज केली तरी नाहीशी होत नाही. उलट, नकाशा देखणा व सलग असल्यामुळे ती चूक वाचकाच्या नजरेस येत नाही.

६. फिनलंडमधील व्यवहार

फिनलंडच्या राष्ट्रीय भूमापन संस्थेने २००८ मध्ये देशाच्या भूपृष्ठाचे नवे प्रतिमान तयार करण्यासाठी लेसर क्रमवीक्षण सुरू केले. त्यात प्रति चौरस मीटर सुमारे अर्धा बिंदू ही घनता होती. २०२० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही घनता प्रति चौरस मीटर ५ बिंदूंपर्यंत वाढविण्यात आली. भूमापन, पूरनियंत्रण व वनमोजणी या वेगवेगळ्या गरजांसाठी एकाच उड्डाणाचा उपयोग व्हावा, ही या कार्यक्रमामागील दृष्टी आहे. खाजगी वनांची माहिती संकलित करणाऱ्या तेथील वन केंद्राने २०१० पासून आपल्या मोजणीचा पाया लेसरवर आधारलेला आहे. २०१८ पासून ही वनविषयक माहिती सर्वांना खुली करण्यात आली. त्यामुळे वनमालक, लाकूड खरेदीदार, संशोधक व निसर्गसंरक्षक यांना एकाच आकडेवारीवर चर्चा करणे शक्य झाले.

या व्यवस्थेची यशस्विता सांगताना ती कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाली, हेही सांगणे आवश्यक आहे. फिनलंडची भूमी बऱ्याच अंशी सपाट आहे. तेथील लाकडाचा फार मोठा भाग पाइन, स्प्रूस व बर्च अशा मोजक्या वृक्षांचा आहे. झाडांच्या व्यास-उंची-घनफळाची समीकरणे अनेक दशकांच्या मोजणीतून सिद्ध झालेली आहेत. एवढे अनुकूल असूनही तेथे जमिनीवरील काम संपुष्टात आलेले नाही. लहान रोपांच्या वनांत लेसरचे अंदाज कमी भरवशाचे ठरतात, म्हणून तेथे प्रत्यक्ष भेटी द्याव्या लागतात. दोन उड्डाणांच्या मधल्या काळात वाढीची प्रतिमाने व वृक्षतोडीच्या सूचना यांच्या आधारे आकडेवारी अद्ययावत केली जाते. म्हणजे त्या काळात वाचकासमोर येणारा आकडा अंशतः गणिती असतो.

वृक्षजातींच्या बाबतीत ही मर्यादा अधिक ठळक होते. केवळ उंचीच्या आकड्यांवरून पाइन व स्प्रूस वेगळे ओळखणे कठीण असल्याने लेसरबरोबर हवाई छायाचित्रांचाही आधार घेतला जातो. पेट्टेरी पाकालेन व मात्ती माल्तामो यांनी या दोन्ही साधनांची सांगड घालून जातवार अंदाज करण्याची पद्धत विकसित केली. तरीही जातवार घनफळाचे अंदाज एकूण घनफळाच्या अंदाजांपेक्षा बरेच कमी अचूक असतात, आणि जी जात वनात अल्प प्रमाणात असते तिचा अंदाज सर्वांत दुबळा असतो. ॲस्पेन या वृक्षाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फिनलंडच्या वनांत त्याचे प्रमाण थोडे आहे, परंतु त्याच्या जुन्या खोडांवर व ढोलींवर अनेक पक्षी, कीटक व कवके अवलंबून असतात. लाकडाच्या हिशेबात जो वृक्ष नगण्य, तो जैवविविधतेच्या हिशेबात अत्यंत महत्त्वाचा. आणि नेमका तोच वरून ओळखण्यास अवघड. मोजण्यास सोपे ते महत्त्वाचे आणि मोजण्यास अवघड ते गौण, असा समज आकडेवारीच्या ओघात नकळत दृढ होतो, ही बाब कोणत्याही देशाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

७. महाराष्ट्राच्या संदर्भात विचार

भारतात वनक्षेत्रातील लेसर सर्वेक्षणाचा एक मोठा उपक्रम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मंजूर केला. वाप्कोस या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे सोपविलेल्या या उपक्रमात २६ राज्यांतील २,६१,८९७ हेक्टर वनक्षेत्राचा समावेश होता. जून २०२१ मध्ये १० राज्यांचे प्रकल्प अहवाल प्रकाशित झाले. त्यांत महाराष्ट्र व गोवा ही राज्येही होती. वनात पाणी व चारा वाढविणे आणि त्यायोगे मानव व वन्यप्राणी यांच्यातील संघर्ष कमी करणे, हा या उपक्रमाचा हेतू होता. त्यामुळे त्यात मुख्य भर भूपृष्ठाच्या उंच-सखलपणावर आणि त्यावरून मृद्‌ व जलसंधारणाच्या कामांच्या जागा ठरविण्यावर होता. लेसरने झाडे दूर सारून जमीन पाहावी, हा त्याचा एक उपयोग. झाडांचीच उंची अभ्यासावी, हा दुसरा. एकाच बिंदुमेघात हे दोन्ही उपयोग सामावलेले असतात.

दुसऱ्या उपयोगाकडे वळताना मात्र फिनलंडची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पहिली अडचण भूरचनेची आहे. सह्याद्रीच्या ३० अंश उताराच्या कड्यावर १६ मीटर बाजूच्या एकाच घराच्या वरच्या व खालच्या कडेत सुमारे ९ मीटरचे अंतर पडते. अशा उतारावर बिंदू आडव्या दिशेने एक मीटर सरकला, तरी उंचीत अर्ध्या मीटरहून अधिक चूक होऊ शकते. त्यातच उतारावर कारवीसारखी दाट झुडपे असल्यास खरी जमीन शोधणे आणखी कठीण होते.

दुसरी अडचण ऋतुमानाची आहे. निकट अवरक्त प्रकाश ढगांतून पार होत नाही. त्यामुळे पावसाळ्यातील महिने उड्डाणास निरुपयोगी ठरतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडील साग उन्हाळ्यापूर्वी पाने गाळतो. त्या पानझडीच्या काळात भूपृष्ठाचे चित्र उत्तम मिळते, परंतु छत्राचे चित्र अपुरे राहते. पावसाळा संपल्यानंतर पाने शाबूत असताना याच्या उलट घडते. कोणत्या हेतूने मोजणी करावयाची, यावर उड्डाणाचा महिना ठरवावा लागेल, आणि दोन वर्षांच्या मोजण्यांची तुलना करताना त्या एकाच ऋतूतील आहेत ना, हे तपासावे लागेल. अन्यथा पानझडीचा परिणाम वनाचा ऱ्हास म्हणून नोंदविला जाण्याचा संभव आहे.

तिसरी व सर्वांत मोठी अडचण वृक्षजातींच्या विविधतेची आहे. पश्चिम घाटाच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत थोड्याशा क्षेत्रातही अनेक जातींचे वृक्ष आढळतात. त्यांच्या लाकडाची घनता भिन्न असते आणि उंची व व्यास यांचे परस्परप्रमाणही भिन्न असते. सारख्याच उंचीच्या व सारख्याच भरगच्च छत्राच्या दोन वनखंडांतील जैववस्तुमान त्यामुळे बरेच वेगळे असू शकते. दूरच्या प्रदेशात तयार केलेले सर्वसामान्य समीकरण येथे लावल्यास उत्तर अवश्य मिळेल, परंतु ते किती चुकीचे आहे हे सांगण्यास स्थानिक मोजणीखेरीज अन्य मार्ग नाही. अवकाशातील लेसर मापनालाही हेच लागू पडते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये पाठविलेले ‘जेडी’ हे उपकरण ५१.६ अंश उत्तर व दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान मोजणी करते. त्यामुळे फिनलंड त्याच्या कक्षेबाहेर राहतो, परंतु महाराष्ट्र तिच्यात येतो. त्याचे ठसे सुमारे २५ मीटर व्यासाचे व परस्परांपासून विलग असतात; म्हणून त्यांतून सलग नकाशा न मिळता विखुरलेले नमुने मिळतात. त्यांचाही अर्थ लावण्यासाठी जमिनीवरील भूखंडच आवश्यक असतात.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. वनजमीन अन्य कामासाठी वळविताना आकारावयाचे निव्वळ वर्तमान मूल्य वनाचा प्रकार व छत्राची घनता यांवरून ठरते. पर्यायी वनीकरणाचे यशही अंतिमतः आकड्यांतच मांडले जाते. ज्या आकड्यावर असे निर्णय घेतले जातात, तो मोजलेला आहे की अनुमानित, आणि अनुमानित असल्यास कोणत्या भूखंडांवरून, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेपासून न्यायालयापर्यंत प्रत्येकाला असावयास हवा. त्यासाठी नकाशाबरोबर त्यामागील भूखंडांची माहिती व चुकीची मर्यादाही प्रसिद्ध होणे अगत्याचे आहे.

८. समारोप

हवाई लेसर क्रमवीक्षणाने वनमोजणीला तिसरी मिती दिली आणि मोठ्या प्रदेशाची सलग, पुन्हा पुन्हा तपासता येण्याजोगी मोजणी शक्य केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्याने जमिनीवरील मोजणी अनावश्यक ठरविली, हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. पूर्वी एका नमुना भूखंडातील चूक काही आकड्यांपुरती मर्यादित राहत असे. आज ती समीकरणातून शिरून लक्षावधी घरांत पसरते. या अर्थाने टेप घेऊन खोडाचा घेर मोजणाऱ्या व झाडाची जात ओळखणाऱ्या माणसाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने यात एक संधी आहे. विमान व लेसर उपकरण कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही. परंतु आपल्या तालुक्यातील वनात कायमस्वरूपी भूखंड आखणे, त्यांचे स्थान अचूक नोंदविणे, त्यातील प्रत्येक झाडाची जात व घेर ठरावीक वर्षांनी मोजणे आणि त्या नोंदी जपून ठेवणे, हे काम त्यांच्या आवाक्यात निश्चितच आहे. भूस्थानिक माहिती संकलित करण्यासाठीची पूर्वपरवानगीची अट भारतीय संस्थांसाठी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शिथिल केल्यामुळे या कामातील एक अडथळाही दूर झाला आहे. मात्र वनक्षेत्रात काम करताना वनविभागाची संमती अर्थातच घ्यावी लागेल. वनस्पतिशास्त्राने जाती ओळखाव्यात, भूगोलाने स्थाननिश्चिती करावी, संख्याशास्त्राने नमुन्याची आखणी करून चुकीची मर्यादा सांगावी, असे हे स्वाभाविकपणेच बहुविद्याशाखीय कार्य आहे. महाराष्ट्रातील वनांवरून उद्या जी विमाने व उपग्रह जातील, त्यांनी काढलेल्या नकाशांचा खरेपणा अखेरीस अशाच नोंदवह्यांवरून पारखला जाणार आहे.